डाव्या कानाची जागा

या, असे जवळ सरका. तिकडे नाही, माझ्या डाव्या हाताला बसा. बुवा अजून पागोटं बांधतायत, आणि पेटीवाल्याचं नि तबलजीचं नेहमीप्रमाणे जुळत नाहीये. अर्धा तास तरी जाईल. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. आख्यान नव्हे, घडलेलं आहे. त्यात आमच्या घराण्याची चांगलीच शोभा झाली आहे, म्हणून या देवळात आजवर कुणाला सांगितलेली नाही.

याच सभामंडपात, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, रामनवमीच्या उत्सवाचा दुसरा दिवस होता. पूर्वरंग संपला. पूर्वरंग आणि उत्तररंगाच्या मध्ये बुवांना हार घालायचा आणि बुक्का लावायचा मान आमचा, निजसुऱ्यांचा. तीन पिढ्यांचा. माझा थोरला भाऊ अण्णा हार घेऊन पुढे झाला. तो उत्सव समितीचा चिटणीस. हार हातात घेऊन असा उभा राहायचा, की हा आता स्वतःच्याच गळ्यात घालून घेतो की काय अशी शंका यावी. सगळं शांत होतं. आणि बुवांच्या मागून, जिथे धृपदाला साथ देणारे झीलकरी उभे असतात तिथून, स्पष्ट आवाज आला, "नाही म्हटलं ना. मी येणार नाही."

तो माझा धाकटा भाऊ सुधन्वा. तो कुणालाच बोलला नव्हता. म्हणजे बोलला होता, पण ज्याला बोलला तो त्याच्या एकट्याच्याच कानाशी होता.

दोन वर्षं असं चाललं होतं. इथल्याच इस्पितळात उपचार चालू होते, डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलं होतं, स्किझोफ्रेनिया. अण्णाने ते नाव घरात उच्चारायला बंदी केली होती. 'सुधन्वाची तब्येत' म्हणायचं.

त्या दिवशी दीडशे माना वळल्या. अण्णाच्या हातातला हार तसाच. तेवढ्यात बायकांतून कालिंदी उठली, सुधन्वाची बायको. भर सभेत, पुरुषांमधून वाट काढत मागे गेली, खाली ठेवलेली झांज उचलून त्याच्या हातात दिली आणि परत येऊन जागेवर बसली. बुवा जाणते होते. त्यांनी हाराची वाट न बघता मघाचंच धृपद पुन्हा उचललं आणि मान वळवून सुधन्वाकडे बघितलं. सुधन्वा गायला लागला. गाताना तो आवाज बंद होतो, असं तो सांगायचा. थांबतो म्हणायचा नाही. "बाहेर जाऊन उभा राहतो," म्हणायचा.

मी ते सगळं माझ्या जागेवरून बघितलं. बायकांच्या बाजूचा तो शेवटचा खांब. पाठ खांबाला, डावा कान बुवांकडे. सोळाव्या वर्षापासून ती माझी जागा. कुणी पाव्हणी बसली तर मी उभी राहून नुसती बघायची, ती उठायची. लोक म्हणत, कुमुदताईंचा कान म्हणजे कान. चिपळी अर्धी मात्रा मागे पडली की यांची भुवई वर जाते. मला ते फार आवडायचं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, आणि श्रवणात आमचं घराणं पहिलं, असं मी पोस्टातल्या बायकांना सांगत असे. त्या ऐकून घेत. तिकिटांच्या खिडकीवर मी होते ना.

घरी आल्यावर अण्णाने पागोटं खुंटीला लावलं आणि दोन वर्षं घोळवलेला निकाल दिला. हे असलं आपल्या घराण्यात कधी नव्हतं. आजोबा नाहीत, काका नाहीत, कुणी नाही. आलं ते गडहिंग्लजहून आलं, सुनेच्या पावलांनी. पुरावा काय, तर कालिंदीचा एक चुलता तरुणपणी देवदर्शनाला म्हणून अनवाणी वाडीला निघून गेला होता आणि सहा महिन्यांनी परत आला होता. नवऱ्याचं डोकं बायकोच्या चुलत्यामुळे कसं फिरेल, हे मी विचारलं नाही. मला ते पटलंच होतं. सुधन्वा आमचा लाडका, देखणा, गोड गळ्याचा. त्याच्यात उणं असेल तर ते बाहेरूनच आलेलं असणार. दुपारी भांडी विसळताना मी कालिंदीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, काही घरांत पत्रिका बघतात, माणसं बघत नाहीत. ती भांडी पुसत राहायची.

रविवारी तिच्या वडिलांना, हळदीकर गुरुजींना, बोलावलं होतं. लेकीला घेऊन जा, असं सांगायला. कायमचं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात इस्पितळातून चिठ्ठी आली. डॉ. फरीदा मुजावर म्हणून पुण्याहून आलेली एक तरुण डॉक्टर ऐकण्यावर अभ्यास करत होती. पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, दोघांचे कान तपासायचे होते. सुधन्वाची तपासणी आधीच झाली होती. घरी येऊन हसत म्हणाला होता, "ताई, दोन्ही कानांत एकदम दोन वेगळे शब्द सोडतात गं. उजव्यातलाच सांग म्हणतात. जमतच नाही. डावीकडचा आधीच पुढे येऊन उभा राहतो."

मी म्हटलं होतं, "तू कीर्तनात लक्ष देत नाहीस, म्हणून."

अण्णाने चिठ्ठी वाचली. 'नातेवाईक' एवढाच शब्द त्याला दिसला. बायको हीसुद्धा नातेवाईकच. तिचा कान तपासला की तिच्या घराण्याचा दोष कागदावर येईल, कागद गुरुजींपुढे ठेवू, मग वाद नको. मला म्हणाला, हिला शुक्रवारी घेऊन जा आणि लेखी आण. मी आनंदाने गेले. रिक्षात कालिंदी माझ्या उजवीकडे बसली होती, तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं, मी ऐकलंच नाही.

मुजावरबाईंनी आम्हाला बसवलं, चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या, या त्यांच्या पत्नी ना, यांची तपासणी नको आहे. रक्ताचं नातं लागतं. तुम्ही बहीण ना? मग तुम्ही या.

मला राग आला. मी काय आजारी होते? पण वर असंही वाटलं की बघू दे एकदा, कान कसा असतो ते. एखादं प्रमाणपत्रसुद्धा देतील.

आधी एक फॉर्म होता. वय, शिक्षण, कोणत्या हाताने लिहिता. कालिंदी तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. शेवटच्या प्रश्नाला मुजावरबाई जरा थांबल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, आजूबाजूला कुणी नसताना हाक किंवा बोलणं ऐकू आलं आहे का, कधीही?

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. कालिंदी पदराच्या काठाचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती. तिने वर बघितलं नाही.

मग ती खोली. दार बंद झालं की बाहेरचं जग बंद. कानावर जड डबे चढवले. आधी एकेका कानात वेगळा आवाज देऊन बघितला, दोन्ही कान ठणठणीत. मग खरी गंमत. एका कानात 'बा', त्याच क्षणी दुसऱ्यात 'का'. एकात 'दा', दुसऱ्यात 'पा'. जे ऐकू येईल ते सांगायचं. मी धडाधड सांगत गेले. बत्तीस की छत्तीस वेळा. एकदाही अडखळले नाही. मनात म्हटलं, लिही बाई, निजसुऱ्यांचा कान आहे.

मग काचेपलीकडून त्या म्हणाल्या, आता फक्त उजव्या कानात लक्ष द्या. उजव्यातलंच सांगा.

मी सांगायला लागले. तिसऱ्या की चौथ्या वेळी मला कळलं की मी उजव्यातलं सांगत नाहीये. उजव्या कानात काहीतरी होतं, पण पातळ, भिंतीपलीकडून आल्यासारखं. डावीकडचा शब्द तोंडावर येऊन बसलेला. मी डोळे मिटले. उजवीकडे मान वळवली. हाताने उजवा डबा दाबून धरला. नाही. डावीकडचा आधीच पुढे येऊन उभा.

सुधन्वाचे शब्द होते ते. तंतोतंत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, नापास का? त्या हसल्या. म्हणाल्या, यात पास-नापास नसतं. बोलणं समजून घेण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला जास्त चालतं, आणि त्या बाजूशी उजवा कान जास्त जोडलेला असतो, म्हणून बहुतेकांना उजव्या कानातलं सरस ऐकू येतं. हा कल या आजारात पुष्कळदा कमी आढळतो. आणि आजार नसलेल्या भावाबहिणींतही काही वेळा कमी आढळतो, तेच त्या शोधत होत्या. एकट्या माणसाबद्दल यावरून काही सांगता येत नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. निरोगी माणसंही अशी असतात. कुणाचा दोष काढायला हे यंत्र नाही.

मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आवाज ऐकू येणारे सगळे आजारी नसतात. तो आवाज छळत असेल, काही करायला सांगत असेल, तर मात्र या. केव्हाही."

मी त्यांना सांगितलं, फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलंय.

घरी अण्णा दारातच. कागद कुठे? मी म्हटलं, अजून काही सांगितलं नाही. मी खोटं बोलणारी बाई नाही, असा माझा लौकिक होता. एका दिवसात दोनदा. अण्णाला काही फरक पडला नाही. कागदाशिवायही त्याची खात्री होतीच.

रविवारी सकाळी हळदीकर गुरुजी आले. निवृत्त मास्तर, धुवट धोतर, एका हातात संकेश्वरी मिरच्यांचं गाठोडं, दुसऱ्यात उत्सवासाठी पेढे. ज्या घरातून लेकीला हाकलणार होते त्या घरासाठी. अण्णाने पेढे घेतले, देवापुढे ठेवले आणि मग बोलायला बसला. सुधन्वा खिडकीशी बसून बारीक आवाजात धृपद गुणगुणत होता. कालिंदी स्वयंपाकघराच्या दारात.

अण्णा पाऊण तास बोलला. घराणं, परंपरा, तीन पिढ्यांचा हाराचा मान, लोक काय म्हणतात. त्या सगळ्या बोलण्यात सुधन्वाला गोळ्या कोण देतं, तो तीन दिवस जेवला नाही तेव्हा त्याच्यासमोर ताट घेऊन कोण बसून राहिलं, हे एकदाही आलं नाही. ते अण्णाला ठाऊकच नव्हतं. मला होतं.

गुरुजींनी एवढंच विचारलं, "कालिंदीची तयारी आहे का?"

"तिला काय विचारायचंय?" अण्णा म्हणाला. "गुरुजी, आमच्या घरात श्रवणभक्ती आहे. असले भलते आवाज ऐकण्याची रीत नाही."

गुरुजींनी मान खाली घातली आणि गाठोड्याची गाठ उगाचच घट्ट केली. ते उठणार होते. लेकीची पेटी भरायला सांगणार होते. आणि ती गेली असती, तर सहा महिन्यांत सुधन्वा कुठे असता हे मला अगदी स्वच्छ दिसलं.

"मला येतो," मी म्हटलं.

अण्णाला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "आवाज. मला ऐकू येतो. बाबा गेले त्या वर्षापासून. मी एकोणीस वर्षांची होते."

"काय बोलतेस तू, कुमुद?"

"देवघरात येतो. नावाने हाक मारतो. कधी विचारतो, वात लावलीस का. मी उत्तर देते."

अण्णाचा चेहरा खुलला. खरं सांगते, खुलला. गुरुजींकडे वळून म्हणाला, बघा, आईने मला एकदा सांगितलं होतं, की हिच्यावर कृपा आहे. ते वेगळं. तो देवाचा आवाज.

आईने मलाही तेच सांगितलं होतं. कुणाला बोलू नकोस, भाग्य असतं हे. आणि एकोणीस वर्षं मी ते भाग्य मिरवलं होतं. तोंडाने नाही, चालण्यातून, बसण्यातून, खांबाच्या त्या जागेतून. एकाच आईच्या दोन मुलांना हाका येत होत्या. माझ्या हाकेला उदबत्ती, आणि सुधन्वाच्या हाकेला दारात उभं करून चौकशी.

"वेगळं काय आहे त्यात, अण्णा?" मी विचारलं. "त्याचा डावीकडून येतो. माझाही डावीकडूनच येतो. त्याचा शिव्या देतो, माझा वात लावायला सांगतो. माझं नशीब बरं, एवढंच. परवा मुजावरबाईंच्या यंत्राने त्याचा कान जसा निघाला तसाच माझा निघाला. कालिंदीला त्यांनी यंत्राजवळ बसवलंसुद्धा नाही. रक्ताचं लागतं म्हणाल्या. उद्या तू चल. पाच मिनिटांचं काम आहे, डबे कानाला लावायचे."

अण्णा उभा राहिला. सगळ्या गावाच्या रक्ताचा न्याय करणारा माणूस, स्वतःचे दोन कान पाच मिनिटं द्यायला तयार नव्हता. देवळात फुलं आली असतील, निवडायला हवीत, म्हणाला. पागोटं विसरून गेला. तीन पिढ्यांत निजसुऱ्यांचा पुरुष देवळात पहिल्यांदाच बोडका गेला असेल.

खिडकीतून सुधन्वा म्हणाला, "ताई, तुझा बरा आहे गं. माझ्याशी बदलतेस?" आणि हसला. गुरुजीही हसले. मी रडत होते.

मग गुरुजींनी लेकीला विचारलं, येतेस का राहतेस. कालिंदी म्हणाली, "संध्याकाळी यांना झीलकरी म्हणून उभं राहायचंय, बुवांचा निरोप आलाय. मला यावं लागेल त्यांच्याबरोबर. उद्याचं उद्या बघू, बाबा." तिने मिरच्यांचं गाठोडं उचललं आणि आत नेलं.

मी तिच्या मागे गेले. ती मिरच्या सुपात पसरत होती.

"वन्सं, पाणी घ्या," म्हणाली.

मी म्हटलं, कालिंदी, तुला आत्ता कळलं ना माझं.

"नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात. देवघराच्या भिंतीला लागून आमची खोली. तुम्ही उत्तर देता ते ऐकू येतं."

दोन वर्षं मी तिला चुलत्यावरून बोलत होते. शुक्रवारी तिच्यासमोर मी 'नाही' म्हटलं होतं. मघाशी बाहेर तिचा बाप मान खाली घालून बसला होता. एक वाक्य पुरलं असतं तिला.

"मग बोलली का नाहीस?"

ती एक डागी मिरची बाजूला काढत म्हणाली, "तुमचा आवाज तुम्हाला गोड लागतो. तो मी कशाला कडू करू? आणि खरं सांगू का, वन्सं, एका घरात मला एकाचंच करणं जमतंय. दोघांच्या मागे भावोजी लागले असते, तर मी कुणाकुणाकडे बघितलं असतं?"

त्या संध्याकाळी खांबाशी मी तिला बसवलं. तिला तिथून बुवांपेक्षा मागे उभा असलेला सुधन्वा जास्त चांगला दिसत होता, म्हणून ती बसली. नाहीतर मान म्हणून बसली नसती. ती गडहिंग्लजला गेली नाही. सुधन्वाने पुढे पंचवीस वर्षं झील धरली. मधे दोन वर्षं फार वाईट गेली, दोनदा इस्पितळातही राहावं लागलं. दोन्ही वेळा ती बाकावर बसून होती. मी सोमवारीच मुजावरबाईंकडे जाऊन फॉर्म बदलून आले. त्या रागावल्या नाहीत, नुसतं पेन पुढे केलं.

अण्णाने ते यंत्र कधीच लावलं नाही. त्याच्या नावाची फरशी त्या दाराशी आहे बघा, आजन्म चिटणीस म्हणून, सोनेरी अक्षरात. तुम्ही आत येताना तिच्यावरच चप्पल काढलीत. काही हरकत नाही.

माझा आवाज? येतो की. आता क्वचित. वात लावलीस का, एवढंच विचारतो. कुणाचा आहे ते मी आता ठरवत नाही. लावते वात.

कालिंदी गेल्या आषाढात गेली. आपण सुधन्वाच्या आधी गेलो तर त्याच्याकडे कोण बघेल, अशी भीती तिने मला एकदा बोलून दाखवली होती. झालं उलट. तो आधी गेला, ती दोन वर्षं राहिली, आणि तेवढ्यातही त्याची झांज दर एकादशीला घासून ठेवायची. तिच्या नावाची फरशी इथे कुठेही नाही.

बघा, बुवा आले. आता नामगजर होईल. तुम्ही टाळी वाजवाल, तेव्हा त्या खांबाकडे एकदा बघा आणि तिला आठवा. निजसुऱ्यांची म्हणून नको. गडहिंग्लजच्या हळदीकर गुरुजींची कालिंदी, अशी आठवा.